जपूनचा गठ्ठा

“कुणी सांगितलं होतं?” मंजुषा मॅडमनी तिसऱ्यांदा विचारलं आणि मधुसूदन लासूरकर तिसऱ्यांदा पाणी प्यायले.

पेला केव्हाच रिकामा झाला होता, तरी त्यांनी तो ओठांना लावला. मॅडम चौकशीसाठी नागपूरहून आल्या होत्या. बाई वागायला वाईट नव्हत्या. लासूरकरांना त्यांनी बसायला खुर्ची दिली होती, घाम पाहून पंखा वाढवायला सांगितला होता. पण प्रश्न एकच होता, आणि तेवढ्या एकाचंच उत्तर लासूरकरांना येत नव्हतं.

प्रकरण असं होतं. चळवळीतल्या आणि समाजकामातल्या संस्थांना करातून सूट मिळण्याचं प्रमाणपत्र दर काही वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं. त्या अर्जांची पहिली छाननी लासूरकरांच्या टेबलावर होत असे. महिन्यापूर्वी एका वर्तमानपत्रानं एक्केचाळीस संस्थांची यादी छापली. सगळ्यांची प्रमाणपत्रं वर्ष-दीड वर्ष अडकलेली आणि बहुतेक संस्था सरकारच्या विरोधात बोलणाऱ्या. तेव्हा करखातं सत्ताधाऱ्यांच्या इशाऱ्यावर चालतं, असा आरोप. चार दिवसांनी दुसऱ्या वर्तमानपत्रानं दुसरी यादी छापली. ती मागल्या राजवटीत अडकलेल्या संस्थांची, आणि त्या बहुतेक आजच्या सत्ताधाऱ्यांच्या विचारांच्या. तेव्हा करखात्यात सगळे विरोधकांचेच लोक भरलेत, असा यांचा आरोप. मॅडमनी दोन्ही याद्यांतल्या फायली मागवून घेतल्या. दोन्हीकडच्या फायलींवर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक ‘ज’ काढलेला होता आणि अक्षर एकाच माणसाचं होतं.

“हा ज तुमचाच ना?”

“माझाच.”

“काय अर्थ त्याचा?”

“जपून,” लासूरकर म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. अर्ज हल्ली कॉम्प्युटरवरच येतात, पण साहेबांना वाचायला कागद लागतो, म्हणून लासूरकर ते छापून काढत आणि खिडकीखालच्या लाकडी बाकावर त्यांचे तीन गठ्ठे लावत. पहिला ‘सरळ’, दुसरा ‘विचारून’ आणि तिसरा ‘जपून’. साहेब आधी सरळ गठ्ठा उचलत, मग विचारूनचा. तोवर मार्च येई आणि नवे अर्ज धडकत. जपूनच्या गठ्ठ्याला कुणी नाही म्हटलेलं नव्हतं, त्याची पाळीच कधी येत नव्हती. ही पद्धत कुठल्याही परिपत्रकात नव्हती. एवढ्या वर्षांत तीन साहेब आले नि गेले, चौथे विश्वजीतसाहेब आले. प्रत्येकाला वाटलं की गठ्ठे आधीपासूनच असे लावतात. ते खरंही होतं, फक्त आधीपासून म्हणजे लासूरकरांपासून.

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मग त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, “लासूरकर, तुमच्या रिटायरमेंटला दोन महिने आहेत. तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर तुम्ही साक्षीदार. मनानं केलं असेल, तर कारवाई तुमच्यावर. पेन्शनची फाईलही मग तशीच राहील. सोमवारी लेखी जबाब आणा.”

लासूरकरांनी हो म्हटलं आणि उठताना रिकामा पेला सवयीनं सोबत घेऊन बाहेर आले.

आता लासूरकर हा माणूस पक्षपात करील, असं त्यांच्या शत्रूनंही म्हटलं नसतं. एक तर त्यांना शत्रू नव्हता. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी अर्जदाराचा चहा घेतला नाही. निवडणुकीच्या दिवसांत ते पानाच्या टपरीवर थांबत नसत, कारण तिथे मत विचारतात. त्यांच्या पत्नी शैलाताईंना नवऱ्याच्या बनियनचं माप तोंडपाठ होतं, पण तो मत कुणाला देतो ते लग्नाला तेहेतीस वर्षं होऊनही कळलेलं नव्हतं. त्याचा लासूरकरांना मनातून अभिमान होता. बाकी अभिमान धरावा असं आयुष्यात फारसं काही नव्हतं. चिकलठाण्याला दोन खोल्यांचा फ्लॅट आणि एक स्कूटर, एवढंच.

त्या दिवशी नळाला पाणी येण्याचा दिवस होता. आठवड्यानं पाणी आलेलं, त्यामुळे शैलाताईंनी सगळं ऐकलं ते बादल्या भरता भरता. वरून विमान गेलं तेवढ्यापुरत्या त्या थांबल्या आणि मग म्हणाल्या, “आठवत नाही म्हणा. खोटं थोडंच आहे?”

ते खरंच खोटं नव्हतं, आणि लासूरकरांची पंचाईत तीच होती. पुष्कळ आठवून पाहिल्यावर त्यांना एवढंच आठवलं, की नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी जेवण झाल्यावर हात धुताना त्या वेळचे साहेब म्हणाले होते, लासूरकर, भांडणाचे कागद जरा जपून. ते एका फायलीबद्दल बोलले होते की सगळ्यांबद्दल, हे लासूरकरांनी तेव्हाही विचारलं नव्हतं. आता विचारावं तर साहेबांना जाऊन अठरा वर्षं झाली होती. मेलेल्या माणसाचं नाव जबाबात घालायचं, आणि तेही हात धुताना निघालेल्या अर्ध्या वाक्यावर, हे त्यांच्या मनाला पटेना.

रात्री पुण्याहून मुलाचा, शंतनूचा फोन आला. त्याचं म्हणणं होतं, वरून दबाव होता असं सांगून टाका, लोक डोक्यावर घेतील. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं लिहिलं की लासूरकरकाका पहिल्यापासून अमुक पक्षाचे. दुसऱ्यानं लिहिलं, छे, ते तर तमुकचे. दोघांची त्यावरून जुंपली. लासूरकर ते वाचत बसले. आपण कोणत्या पक्षाचे आहोत हे त्यांना स्वतःलाही त्या भांडणातून कळेल असं घटकाभर वाटलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, विश्वजीतसाहेबांनी त्यांना आत बोलावलं. साहेब वयानं शंतनूएवढे. आरोपांच्या बातम्यांत त्यांचं नाव फोटोसकट छापून आलं होतं आणि महिन्याभरात गालफडं बसली होती. त्यांनी एवढंच विचारलं, “लासूरकर, मी तुम्हाला कधी काही सांगितलं का?” लासूरकर नाही म्हणाले. साहेब म्हणाले, “मग बघा,” आणि खिडकीबाहेर पाहू लागले. त्या ‘बघा’मध्ये विनंती होती की धमकी, ते लासूरकरांना कळलं नाही. बाहेर येऊन ते जागेवर बसतात न बसतात तोच खिडकीशी सरूबाई उभी राहिली.

सरूबाई पिशोरची. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मिळावं म्हणून तिनं आणि तिच्यासारख्या काहीजणींनी ‘एकल महिला हक्क परिषद’ काढली होती. प्रमाणपत्राची चौकशी करायला ती दीड वर्षात चार वेळा येऊन गेली होती आणि चारही वेळा लासूरकरांनी तिला “प्रक्रियेत आहे” असं सांगून परत पाठवलं होतं. आज तिच्या हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं. यादीत तिची संस्था एकोणिसावी होती.

ती भांडायला आलेली नव्हती, हे पाहून लासूरकरांना जास्तच अवघडल्यासारखं झालं. तिनं सांगितलं की प्रमाणपत्राची मुदत संपली तशी पुण्याच्या देणगीदारांकडून येणारी मदत थांबली. गावात घेतलेली खोली सोडावी लागली. दर बुधवारी एक वकीलबाई यायची, तीही यायची बंद झाली. पेपरवाले तिच्याकडं येऊन गेले होते आणि तुमच्यावर राजकीय अन्याय झाला असं म्हणा, म्हणून मागं लागले होते.

“म्या म्हनलं, मला काय म्हाईत कशानं झाला,” सरूबाई म्हणाली. “सायेब, आमच्यात काय खोट निघाली तेवढं सांगा. कागद कमी व्हता का? सही चुकली का? बाकी काय नगं मला.”

लासूरकरांनी तोंड उघडलं, पण “प्रक्रियेत आहे” हे शब्द काही बाहेर आले नाहीत. ते म्हणाले, “पाहून सांगतो.” सरूबाईनं मान हलवली आणि पिशोरची गाडी चुकायला नको म्हणून लगोलग निघून गेली.

मग त्यांनी तिची फाईल काढली. संस्थेची घटना होती, ठराव होते, ताळेबंद होता, सह्या होत्या. पुन्हा एकदा पहिल्यापासून पाहिलं, कुठे काही खोट नव्हती. शेवटी वार्षिक अहवाल होता आणि अहवालाच्या पहिल्या पानावर फोटो. तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर बायका उभ्या, मुठी वर, मागे कापडी फलक. तो फोटो पाहिल्याबरोबर लासूरकरांचा हात आपोआप उजव्या कोपऱ्याकडे गेला, आणि तिथे ज होताच. दीड वर्षापूर्वी याच फोटोवर त्यांनी पान मिटलं होतं आणि फाईल तिसऱ्या गठ्ठ्यात टाकली होती.

शेजारच्या टेबलावर सोमनाथ बसायचा. चार वर्षांपूर्वी लागलेला, लासूरकरांना काका म्हणणारा. त्याला सोबत घेऊन लासूरकरांनी दुपारभर फायली उपसल्या. सरळ गठ्ठ्यातले फोटो म्हणजे रक्तदान, दप्तरवाटप, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन. जपूनमधले फोटो म्हणजे फलक, माइक, मुठी. एकाही अर्जात त्यांनी पक्ष पाहिला नव्हता, नाव पाहिलं नव्हतं, जात पाहिली नव्हती. फोटो पाहिला होता. ज्या घरात भांडण दिसतं तिथं माणूस जपूनच पाऊल टाकतो, एवढाच त्यांचा हिशोब होता, आणि तो आपण कुणाचीच बाजू घेत नाही याच समाधानात केलेला होता.

मग सोमनाथला दुसऱ्या यादीतली एक जुनी फाईल सापडली. मागल्या राजवटीतली, तरुणांच्या एका मंडळाची. तिच्यावर ज होता. आत फोटो मोर्चाचा. फलकाचा रंग निराळा, मुठी तशाच. त्याच मंडळाचा गेल्या वर्षीचा अर्ज सरळच्या गठ्ठ्यात होता. आत फोटो मंत्र्यांच्या सत्काराचा.

“हे कसं झालं रे?” लासूरकर म्हणाले. “मंडळ तेच. मीही तोच.”

सोमनाथला त्यात नवल वाटलं नाही. “काका, ज्याचं राज असतं तो कशाला मोर्चा काढील? त्याचं काम फोनवर व्हतंय. मोर्चा काढतो तो ज्याचा फोन कुनी उचलत नाय.”

लासूरकर खुर्चीत बसले. कुणाचं राज आहे हे न पाहण्यात त्यांनी सगळी हयात घालवली होती. आणि न पाहता, कुणाचाही आदेश नसताना, ज्याचं राज असेल त्याची वाट त्यांनी मोकळी करून दिली होती आणि दुसऱ्याची अडवली होती. राज बदललं की माणसं गठ्ठे बदलत आणि लासूरकरांना ते कळतही नसे. त्यांना लाज वाटली. इतकी, की सोमनाथनं आणलेला चहा त्यांना घ्यावासा वाटेना. त्यांच्याकडून उघडउघड लबाडी झाली असती तरी बरं, असं त्यांना वाटलं. लबाडी निदान ओळखता तरी येते.

शनिवार-रविवार ते जबाब लिहीत बसले. तीन वेळा फाडला. शैलाताईंनी दोनदा येऊन, आठवत नाही एवढंच लिहा, असं पुन्हा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, “पेन्शन अडकली तर आपण काय करायचं?” लासूरकरांनी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, “ठाऊक नाही.” शैलाताई दिवा लावून गेल्या, कारण अंधारून आलं होतं आणि ते तसेच लिहीत होते.

जबाब शेवटी दहा ओळींचा झाला. मला कुणी सांगितलेलं नाही. मी अहवालातले फोटो पाहून ठरवत असे. मोर्चा दिसला की फाईल मागे ठेवत असे, मग तो मोर्चा कुणाचाही असो. सत्तेबाहेरच्या माणसालाच रस्त्यावर यावं लागतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. खाली सही, नाव, हुद्दा.

सोमवारी मंजुषा मॅडमनी तो दोनदा वाचला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“लासूरकर, हे कोण मानेल?”

“झालंय ते असंच.”

“कुणाला वाचवताय तुम्ही?”

“कुणालाच नाही, मॅडम.”

मॅडमनी चष्मा लावून जबाब तिसऱ्यांदा वाचला. एवढा सरळ जबाब त्यांनी आजवर घेतला नसावा, त्यामुळे त्यातलं वाकडं कुठे आहे ते त्या शोधत होत्या. ते काही सापडलं नाही. शेवटी त्यांनी जबाबाला टाचणी लावली.

झालं ते असं, की कुणाचंच समाधान झालं नाही. एका वर्तमानपत्रानं लिहिलं, बड्या धेंडांना वाचवण्यासाठी गरीब कारकुनाचा बळी. दुसऱ्यानं लिहिलं, या कारकुनाचा जावई विरोधकांच्या बैठकांना जातो. लासूरकरांना मुलगीच नव्हती. विश्वजीतसाहेबांवरचा ठपका निघाला आणि त्यांची बदली झाली. जाताना त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले, लासूरकरांशीही, पण त्यांच्याशी मिळवताना साहेबांची नजर दुसरीकडे होती. अडकलेले अर्ज मुदतीबाहेर गेले म्हणून निकालात काढले गेले आणि संस्थांनी नव्यानं अर्ज करावेत असा आदेश निघाला. लासूरकरांवरची कारवाई चालूच राहिली.

निरोप समारंभ झाला नाही. चौकशी चालू असलेल्या माणसाला निरोप कसा द्यायचा, यावर कार्यालयात दोन दिवस चर्चा झाली आणि मग कुणी विषय काढेना. शेवटच्या दिवशी लासूरकरांनी ड्रॉवर मोकळा केला, किल्ली सोमनाथच्या हातात दिली आणि सहा वाजता स्टँडवरून स्कूटर काढली. सोमनाथ तिथवर आला होता. त्यानं स्वतःच्या पदरची एक शाल कागदी पिशवीतून आणली होती, ती त्यानं आजूबाजूला बघून स्कूटरच्या हुकाला अडकवली. “बराय, काका,” सोमनाथ म्हणाला, आणि लासूरकर घरी आले.

पुढच्या बुधवारी सकाळी त्यांनी पिशोरची एसटी धरली. कुठं चाललात, असं शैलाताईंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, एका बाईला पाहून सांगतो म्हटलं होतं.

सरूबाईचं घर शोधायला वेळ लागला नाही. खोली गेल्यापासून परिषदेचा सगळा कारभार तिच्या ओसरीवर आला होता. धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर फायली रचलेल्या होत्या. तिथे सत्यभामा नावाची तिची सोबतीण नव्या अर्जासाठी कागद लावत बसली होती. लासूरकरांना दारात पाहून सरूबाई लगबगीनं उठली. तिनं सतरंजी झटकून टाकली आणि चहा ठेवला. चहा हातात आला तसा लासूरकर जरा थबकले. मग आठवलं की आता ते कुणीच नाहीत, आणि त्यांनी घेतला.

“तुमच्यात काही खोट नव्हती,” ते म्हणाले. “कागद पुरे होते. सह्या बरोबर होत्या. मी फोटो पाहून फाईल मागे ठेवली. मोर्चाचा फोटो होता म्हणून.”

सरूबाई पुढं सरकली. “निसता फोटू बघून?”

“हो.”

“कुनी सांगितलं व्हतं का तुमाला?”

“नाही.”

सत्यभामेनं कागद खाली ठेवले. सरूबाई रागावेल, रडेल, निघा म्हणेल, असं काय काय लासूरकरांनी गाडीत मनाशी धरून ठेवलं होतं. तिनं फक्त पदरानं कपाळ पुसलं. दीड वर्ष आपली काय चूक झाली ते ती शोधत होती आणि ती चूक नव्हतीच, हे तिच्या डोक्यात उतरायला वेळ लागत होता. मग ती उठली, कोठीमागून प्लास्टिकची पिशवी काढली आणि आतले सगळे फोटो सतरंजीवर ओतले.

“आता तुमीच सांगा. नव्या अर्जाला कोन्ता लावू?”

लासूरकरांनी फोटोंवरून नजर फिरवली. त्यांना विचार करावा लागलाच नाही. हात सरळ एका फोटोकडे गेला. महिला दिनाचा कार्यक्रम, व्यासपीठ, कुणी पुढारी सरूबाईच्या खांद्यावर शाल घालतोय.

“ह्यो लावला तर लौकर व्हईन?”

“होईल,” लासूरकर म्हणाले, आणि हे आपण इतक्या खात्रीनं सांगू शकतो याचं त्यांना फार वाईट वाटलं.

सरूबाईनं तो फोटो हातात घेऊन पाहिला. “ह्यात आमचं काम कुठं हाय, सायेब? पाच मिंटं उभं केलं, शाल टाकली, फोटू काढला. फुडच्या बाईला बलावलं.” तिनं तो बाजूला ठेवला आणि ढिगातून दुसरा काढला. तहसीलच्या पायऱ्या, मुठी, फलक. “ह्या दिशी एकशे बारा बायांची कार्डं निघाली. चार साल खेटे घातले तवा नाय निघाली, ह्या एका दिशी निघाली. ह्योच लावते.”

“पुन्हा मागे राहील कदाचित. माझ्या जागी कोण येतंय, ते गठ्ठे कसे लावतील, मला खरंच सांगता येत नाही.”

“ऱ्हाऊ द्या. आता कशानं ऱ्हातो त्ये तर ठावं हाय.” तिनं फोटो पालथा करून त्यांच्यापुढं सरकवला. “मागं लिहून द्या. तुमचं अक्षर चांगलं हाय.”

लासूरकरांनी खिशातलं पेन काढलं, फोटो मांडीवर घेतला आणि सरूबाई सांगत गेली तसं लिहिलं. मोर्चा. कन्नड तहसील. बायका एकशे बारा. खाली परिषदेचं पूर्ण नाव. शाई ओली होती, म्हणून तो फोटो तसाच पालथा धरून ते ओसरीवर बसून राहिले.